धंद्याचा कोणता खर्च करातून वजा होतो?
शहापूर-मुरबाडमधल्या छोट्या धंदेवाल्यांसाठी

‘इकोचा हप्ता दर महिन्याला जातो, तो सगळा खर्चात धरता येईल ना?’ ‘नवीन करप्रणाली घेतली की खर्च दाखवता येत नाही म्हणतात, खरं का?’ ‘पोल्ट्री शेतजमिनीवर आहे, मग रिटर्न कशाला?’ शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या वाचकांकडून हेच प्रश्न दर वर्षी रिटर्न भरण्याच्या दिवसांत येतात. विचारणारे कोणी आसनगावला गॅरेज चालवतात, कोणी टोकावड्याहून भाजी कल्याणच्या बाजारात नेतात, कोणाची खर्डीला खानावळ आहे, कोणी समृद्धी महामार्ग आल्यापासून जमिनीच्या व्यवहारात मध्यस्थी करतात. धंदे वेगळे असले तरी गोंधळ एकच दिसतो. खर्चाची यादी सगळ्यांना हवी असते, पण त्याआधी घ्यायचा निर्णय कोणी घेतलेला नसतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच. १ एप्रिल २०२६ पासून देशात आयकर कायदा, २०२५ लागू झाला आहे. त्याआधीच्या वर्षांचं उत्पन्न १९६१ च्या कायद्याप्रमाणेच मोजलं जातं. कलमांचे क्रमांक बदलले असले तरी छोट्या धंदेवाल्याला लागणारे खर्चाचे मूळ नियम तेच आहेत. म्हणून खाली लोकांच्या तोंडी बसलेले जुने क्रमांकच वापरले आहेत.

आधी ठरवा: तुम्हाला खर्च दाखवायचे आहेत का?

कायदा तुम्हाला दोन वाटा देतो. पहिल्या वाटेत तुम्ही खर्च दाखवतच नाही. उलाढालीचा ठरावीक भाग नफा मानला जातो आणि त्यावर कर लागतो. याला अनुमानित उत्पन्नाची योजना म्हणतात. दुसऱ्या वाटेत तुम्ही वह्या ठेवता, खरा खर्च वजा करता आणि उरलेल्या नफ्यावर कर भरता. दोन्ही एकदम चालत नाहीत. ‘आठ टक्के दाखवतो आणि वर दुकानाचं भाडंही वजा करतो’ असं करता येत नाही, कारण भाडं, पगार, व्याज, घसारा सगळं त्या टक्क्यांत आधीच धरलेलं असतं.

पहिल्या वाटेचे तीन प्रकार आहेत:

- दुकान, गॅरेज, खानावळ, मंडप, जेसीबी भाड्याने, प्रवासी इको-टॅक्सी (४४ एडी): वर्षाची उलाढाल २ कोटींपर्यंत. रोखीने आलेल्या उलाढालीवर ८ टक्के, बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा मानला जातो. रोख जमा एकूण उलाढालीच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर मर्यादा ३ कोटी.
- डॉक्टर, वकील, इंजिनियर, आर्किटेक्ट, हिशोबनीस असे ठरावीक व्यावसायिक (४४ एडीए): जमा ५० लाखांपर्यंत, आणि रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत. निम्मी जमा नफा मानली जाते.
- मालवाहू गाड्या (४४ एई): दहापर्यंत गाड्या. पिकअप किंवा छोटा हत्ती असेल तर गाडीमागे महिना ७,५०० रुपये. एकूण वजन १२ टनांच्या वर असलेल्या डंपर-ट्रकला दर टनामागे महिना १,००० रुपये. म्हणजे एका पिकअपचं वर्षाचं मानलेलं उत्पन्न ९०,००० रुपये, तर २५ टनी डंपरचं ३ लाख.

८ आणि ६ टक्क्यांचा फरक मुरबाडकरांनी विशेष लक्षात घ्यावा. आपल्याच तालुक्यातलं धसई १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १९ डिसेंबरला, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने डिजिटल जमेवर ८ ऐवजी ६ टक्के नफा धरण्याची सवलत जाहीर केली. आज टपरीवरही क्यूआर कोड लावलेला असतो, पण रिटर्न भरताना सगळी उलाढाल ‘रोख’ या रकान्यात टाकून ही सवलत अनेक जण गमावतात. सरळगावच्या एखाद्या किराणा दुकानाची उलाढाल ६० लाख असेल आणि त्यातले ४० लाख यूपीआय-बँकेतून आले असतील, तर नफा होतो ४० लाखांवर २ लाख ४० हजार आणि २० लाखांवर १ लाख ६० हजार, एकूण ४ लाख. सगळं रोख दाखवलं तर तोच आकडा ४ लाख ८० हजार होतो.

इथे दोन इशारे आहेत. खरा नफा यापेक्षा जास्त असेल तर जास्तच दाखवावा लागतो. ८ टक्के ही किमान पातळी आहे. दुसरं, ४४ एडी मध्ये एकदा शिरलात आणि पुढच्या पाच वर्षांच्या आत बाहेर पडलात, तर नंतरची पाच वर्षं परत येता येत नाही. त्या काळात उत्पन्न करपात्र किमान मर्यादेच्या वर गेलं तर वह्या आणि ऑडिट दोन्ही सक्तीचे होतात. त्यामुळे ‘यंदा आठ टक्के, पुढच्या वर्षी खर्च दाखवू, मग परत आठ टक्के’ असा खेळ करू नका.

माझं मत स्पष्ट आहे: छोट्या दुकानदाराला आणि कर्ज नसलेल्या एक-दोन गाड्यांच्या मालकाला पहिली वाट पुरते. नवी गाडी किंवा यंत्र मोठ्या कर्जावर घेतलं असेल, मार्जिन फारच कमी असेल किंवा खरोखर तोटा झाला असेल, तरच दुसऱ्या वाटेचा त्रास घ्या. पहिल्या वाटेत तोटा दाखवताच येत नाही. दुसऱ्या वाटेत झालेला धंद्याचा तोटा पुढची आठ वर्षं ओढता येतो, पण त्यासाठी रिटर्न मुदतीच्या आत भरलेलं असावं लागतं.

नवीन करप्रणालीतही धंद्याचा खर्च वजा होतो

हा सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज आहे. नवीन करप्रणालीत जातात त्या वैयक्तिक वजावटी: विमा-पीपीएफची ८० सी, आरोग्य विम्याची ८० डी, राहत्या घराच्या कर्जाचं व्याज. गाळ्याचं भाडं, मजुरी, डिझेल, धंद्याच्या कर्जाचं व्याज, घसारा हे सगळं दोन्ही प्रणालींत वजा होतं.

नवीन प्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही, आणि निव्वळ उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो. (जमीन-शेअर विक्रीच्या नफ्यासारख्या, खास दराने कर लागणाऱ्या उत्पन्नाला ही सवलत नाही.) याचा अर्थ नीट समजून घ्या. ज्यांचा खरा नफा सहा-सात लाख आहे त्यांनी खोटी बिलं जमवून तो तीन लाखांवर आणला, तर कर एक रुपयाही वाचत नाही, कारण तो मुळात शून्यच होता. नुकसान मात्र होतं. बँक कर्ज देताना दोन-तीन वर्षांची रिटर्न मागते आणि तुमची ऐपत त्यातल्या आकड्यावरून ठरवते. रस्ते अपघातात कमावता माणूस गेला, तर नुकसानभरपाई ठरवताना न्यायाधिकरण त्याचं उत्पन्न आयकर रिटर्नवरून बघतं. मुंबई-नाशिक महामार्गावर आणि माळशेजच्या रस्त्यावर रोज गाडी चालवणाऱ्यांनी हे विसरू नये. दोनशे रुपये घेऊन ‘कमीत कमी’ आकड्याचं रिटर्न भरून देणारा त्या दिवशी तुमच्या घरच्यांसोबत उभा नसतो.

धंद्याचं उत्पन्न असणाऱ्याला जुनी प्रणाली हवी असेल तर मुदतीआधी १०-आयईए हा फॉर्म भरावा लागतो. जुन्यातून एकदा नव्यात परतलात की धंदा चालू असेपर्यंत पुन्हा जुनीत जाता येत नाही.

दुसरी वाट घेतली, तर कोणता खर्च चालतो?

कसोटी सोपी आहे. खर्च पूर्णपणे धंद्यासाठी झालेला असावा, घरचा नसावा, कायद्याने मनाई असलेल्या कामासाठी नसावा, आणि वर्षानुवर्षं टिकणारी वस्तू घेण्यासाठी नसावा. टिकणाऱ्या वस्तूची किंमत घसाऱ्याच्या रूपाने हळूहळू वजा होते.

- गाळ्याचं, गोदामाचं भाडं आणि वीजबिल. अनामत रक्कम खर्च नाही, ती परत मिळणारी आहे.
- कच्चा माल, हमाली, वाहतूक, पॅकिंग.
- मजुरी, पगार, बोनस.
- डिझेल, टोल, टायर, सर्व्हिसिंग, गाडीचा विमा, परमिट आणि पासिंगची फी.
- धंद्यासाठी घेतलेल्या कर्जाचं व्याज, मग ते बँकेचं असो, मुद्रा योजनेचं असो की बचत गटाचं.
- मोबाईल-इंटरनेट, धंद्यापुरता भाग.
- दुरुस्ती. वादळात उडालेले पत्रे बदलले तर दुरुस्ती, नवी शेड उभारली तर मालमत्ता.
- हिशोबनीस, सीए, वकील यांची फी.
- बुडालेली उधारी. मात्र ती विक्री आधी तुमच्या उत्पन्नात धरलेली असावी आणि त्या वर्षी वहीत बुडीत म्हणून लिहून टाकलेली असावी.

हप्ता म्हणजे खर्च नव्हे

समजा प्रत्यक्ष हिशोबाची वाट घेणाऱ्या एखाद्याने ६ लाखांची गाडी प्रवासी टॅक्सी म्हणून घेतली. ५ लाखांचं कर्ज, व्याज १० टक्के, मुदत पाच वर्षं. वर्षभराचे हप्ते साधारण १ लाख २७ हजार होतात. बहुतेक जण हाच आकडा खर्चात घालतात. तो चुकीचा आहे, आणि त्यात तुमचाच तोटा आहे. त्या हप्त्यांतलं व्याज पहिल्या वर्षी सुमारे ४६ हजार. तेवढंच खर्च म्हणून चालतं. मुद्दल परत करणं हा खर्च नाही. पण गाडीवर घसारा मिळतो. भाड्याने चालणाऱ्या टॅक्सी, बस, ट्रकला तो ३० टक्के आहे, म्हणजे पहिल्या वर्षी १ लाख ८० हजार. दोन्ही मिळून वजावट २ लाख २६ हजार होते, हप्त्यांच्या बेरजेपेक्षा जवळजवळ लाखाने जास्त. दुसऱ्या वर्षी घसारा उरलेल्या ४ लाख २० हजारांवर मोजायचा.

वस्तू त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर घसारा निम्माच मिळतो. म्हणून दिवाळीत घेतलेल्या टॅक्सीला पहिल्या मार्चला १५ टक्केच लावा. इतर दरही लक्षात ठेवा: यंत्रं, वेल्डिंग मशीन, शीतपेट्या, स्वतः वापरायची मोटारसायकल-कार १५ टक्के, संगणक-प्रिंटर ४० टक्के, फर्निचर १० टक्के, धंद्याची पक्की इमारत १० टक्के. गाडी घरीही वापरत असाल तर डिझेल, विमा, घसारा या सगळ्यांतला घरचा वाटा सोडून द्या. कर्जाच्या खात्याचं वर्षाचं व्याज-प्रमाणपत्र बँकेकडून मागून घ्या. त्यावर मुद्दल-व्याज वेगळं छापलेलं असतं.

वीटभट्टी, पोल्ट्री, गोठा, गवत

आपल्या तालुक्यांतले हे धंदे शेतीच्या इतके जवळ आहेत की त्यांचा हिशोबही शेतीत मिसळून जातो. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे. पण कोंबड्या, अंडी आणि दूध यांचं उत्पन्न कायद्याच्या दृष्टीने शेतीचं नाही, धंद्याचं आहे, जमीन सातबाऱ्यावर तुमच्याच नावाची असली तरी. उलट बाजूने, भातलावणीची मजुरी आणि खताचं बिल पोल्ट्रीच्या खर्चात घालता येत नाही. करमुक्त उत्पन्नासाठी केलेला खर्च करपात्र उत्पन्नातून वजा होत नाही. पंपाचं आणि शेडचं वीजबिल एकाच मीटरवर येत असेल तर वेगळा मीटर घ्या, नाहीतर वाटणी कशी केली ते वहीत लिहून ठेवा. स्वतःच्या शेतातलं भात स्वतःच्या पोह्यांच्या मिलमध्ये वापरत असाल, तर त्या भाताचा बाजारभाव मिलच्या उत्पन्नातून वजा करता येतो. हे फार कमी जण करतात.

पोल्ट्री. करारावर पक्षी वाढवणाऱ्यांना कंपनी पिल्लं, खाद्य, औषधं देते आणि वाढवण्याचा मोबदला बँकेत जमा करते. तुमचं उत्पन्न तेवढा मोबदला. त्यातून वजा होतं ते तुमच्या खिशातून गेलेलं: तूस, चुना, ब्रूडिंगचा गॅस-कोळसा, वीज, पाणी, मजूर, शेडच्या कर्जाचं व्याज, पक्क्या शेडवर १० टक्के घसारा. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यात वेहळोलीला बर्ड फ्लू आला आणि परिसरातले हजारो पक्षी नष्ट करावे लागले. अशा वेळी पक्षी तुमच्या मालकीचे असतील तर खरेदी खर्चात राहते आणि विक्री येत नाही, म्हणून तोटा आपोआप दिसतो. मिळालेली सरकारी भरपाई जमेला धरायची. पक्षी कंपनीचे असतील तर त्यांच्या किमतीचा तोटा तुम्हाला मागता येत नाही, फक्त तुमचा बुडालेला खर्च मागता येतो. पंचनाम्याची प्रत जपून ठेवा.

गोठा. विकत घेतलेली म्हैस हा लगेचचा खर्च नाही. ती दुधासाठी पाळलेली आहे, विक्रीचा माल नाही. पण ती मेली किंवा कायमची निकामी झाली, तर खरेदीची किंमत वजा हाती आलेली रक्कम, एवढा तोटा त्या वर्षी पूर्ण मिळतो. म्हशीची किंमत ८० हजार, विमा नव्हता, काहीच हाती आलं नाही, तर ८० हजार वजा. त्यासाठी खरेदीचा कागद आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला हवा. म्हसाच्या यात्रेत जनावर घेताना विकणाऱ्याचं नाव, गाव, रक्कम, तारीख आणि सही असलेली चिठ्ठी तिथल्या तिथे करून घ्या. एकदा यात्रा उठली की तो माणूस सापडत नाही.

वीटभट्टी आणि गवत. या दोन्ही धंद्यांची खरी अडचण ३१ मार्च ही तारीख आहे. भट्टीचा हंगाम पावसाळा येईपर्यंत चालतो आणि वर्षाचा हिशोब मात्र ऐन हंगामात बंद करावा लागतो. त्या दिवशी रचून ठेवलेल्या कच्च्या विटा, भट्टीतल्या विटा, भाजून तयार विटा, कोळसा आणि तूस हा सगळा शिल्लक साठा आहे. त्याला लागलेला खर्च त्या वर्षाच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षात जातो. गवताच्या व्यापाऱ्याच्या गंजीतल्या गाठींचंही तसंच. ३१ मार्चच्या संध्याकाळी साठा मोजा, कागदावर लिहा, मोबाईलवर फोटो काढून ठेवा. हे केलं नाही तर नफा कमी दिसतो आणि पुढे तपासणीत तोच पहिला प्रश्न येतो.

उचलीबद्दल अनेक भट्टीमालक चुकतात. हंगामाच्या सुरुवातीला कामगार कुटुंबाला दिलेली उचल ही त्या दिवशी मजुरी नसते, ती आगाऊ रक्कम असते. काम होत जाईल तशी ती मजुरीत वळती होते आणि वळती झालेला भागच खर्च ठरतो. ३१ मार्चला अंगावर राहिलेली उचल खर्चात टाकू नका. कुटुंबातल्या काम करणाऱ्या प्रत्येक बाई-पुरुषाच्या नावाने वेगळं पान ठेवा, रक्कम ज्याच्या त्याच्या बँक खात्यात द्या आणि हिशोब त्यांना वाचून दाखवा. उचलीच्या नावाखाली माणसाला कामावर बांधून ठेवणं हा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा, १९७६ खाली गुन्हा आहे. आपल्या भागातल्या कातकरी कुटुंबांनी हे खूप सोसलं आहे.

रोखीच्या मर्यादा

खर्च खरा असूनही तो रोखीने केल्यामुळे नाकारला जातो, असं इथे वारंवार घडतं.

1. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर तो सगळा खर्च नामंजूर होतो, फक्त वरचा भाग नव्हे. मालवाहतुकीच्या गाडीमालकाला देताना ही मर्यादा ३५,००० आहे.
2. यंत्र, गाडी, फर्निचर घेताना दिवसाला १०,००० च्या वर रोख दिली, तर ती रक्कम किमतीत धरली जात नाही. ४० हजारांचं वेल्डिंग मशीन रोखीने घेतलं की त्यावर घसारा मिळतच नाही.
3. २०,००० किंवा त्याहून जास्त रकमेचं हातउसनं रोखीने घेऊ नका. तेवढ्याच रकमेचा दंड लागू शकतो.
4. एका माणसाकडून एका दिवसात किंवा एका व्यवहारापोटी २ लाख किंवा जास्त रोख स्वीकारू नका. इथेही दंड रकमेइतकाच.

एक महत्त्वाची सूट आहे. शेतमाल, दूध, मासे, जनावरं थेट पिकवणाऱ्या-पाळणाऱ्याकडून घेतली तर पहिल्या नियमातली १०,००० ची मर्यादा लागत नाही. भेंडी-काकडी शेताच्या बांधावर घेणाऱ्या व्यापाऱ्याने शेतकऱ्याचं नाव, गाव, वजन, भाव लिहून सही घेतली की पुरे. तोच माल दुसऱ्या व्यापाऱ्याकडून घेतला की सूट संपली.

जमीन दलाल, विमा एजंट, सेवा केंद्र

कमिशन आणि दलालीच्या उत्पन्नाला ४४ एडी लागूच नाही. त्यामुळे ८ टक्के दाखवून मोकळं होण्याचा मार्ग तुमच्यासाठी बंद आहे आणि वरची खर्चाची यादी सगळ्यात जास्त तुम्हालाच उपयोगी आहे. साइट दाखवायला जाण्याचं पेट्रोल, मोटारसायकलचा घसारा, कार्यालयाचं भाडं, फोन, जाहिरात, छपाई हे सगळं मिळतं. मध्ये राहिलेल्या दुसऱ्या माणसाला वाटा दिला असेल तर तोही खर्च आहे, पण त्याचं नाव, पॅन, कशाबद्दल दिला याचा कागद आणि बँकेतून दिल्याचा पुरावा हवा. ‘गावातल्या पोरांना दिले’ एवढ्यावर काही मंजूर होत नाही. रोज कुठे गेलात, कोणाला भेटलात, किती किलोमीटर, याची एक ओळ लिहिलेली डायरी तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरते.

घरची माणसं आणि घरातलं दुकान

मुलगा सज्ञान असून खरोखर दुकानात बसत असेल तर त्याला पगार देता येतो, बाजारात त्या कामाला मिळेल तेवढाच. पत्नीला पगार दिला आणि तिच्याकडे त्या कामाची तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता नसेल, तर तो पगार पुन्हा तुमच्याच उत्पन्नात जोडला जातो. पतीला दिलेल्या पगारालाही हाच नियम. फार्मसी झालेल्या पत्नीला मेडिकल स्टोअरमधला पगार मात्र चालतो. स्वतःच्या मालकीच्या घरात दुकान असेल तर स्वतःला भाडं दिल्याचं दाखवता येत नाही. त्या भागाची घरपट्टी, वीज, दुरुस्ती, घसारा मिळतो.

हे चालत नाही

- आयकर स्वतः, आणि तो उशिरा भरल्याचं व्याज.
- ओव्हरलोडचा, सिग्नलचा, आरटीओचा दंड.
- कोणालाही दिलेला ‘हप्ता’ किंवा ‘चहापाणी’.
- घरचा किराणा, मुलांची फी, लग्नकार्य, स्वतःचा आयुर्विमा.
- वर्गणी-देणगी. गणपती मंडळाच्या पुस्तिकेत दुकानाची जाहिरात दिली आणि तिचं बिल घेतलं, तर तो जाहिरात खर्च आहे.

पुरावा कसा ठेवायचा

सगळ्यात आधी धंद्याचं बँक खातं वेगळं करा. चालू खातंच हवं असं नाही, पण घरचा आणि धंद्याचा पैसा एकाच खात्यात राहिला की कोणता खर्च कशाचा हे तुम्हालाही वर्षाअखेरीला सांगता येत नाही. यूपीआयचा दुकानातला क्यूआर त्याच खात्याला जोडा.

रोजमेळ लिहा: तारीख, कोणाला, कशासाठी, किती, रोख की बँक. बिलं महिन्याप्रमाणे पाकिटात ठेवा. पेट्रोल पंपाच्या आणि टोलच्या पावत्यांवरची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून त्याच दिवशी फोटो काढा. हमाल, वाटेत मिळालेला मेकॅनिक यांच्याकडे बिल नसतं; तिथे स्वतःचं व्हाउचर करा. त्यावर नाव, गाव, मोबाईल, काम, रक्कम आणि सही किंवा अंगठा हवा. ज्यांना वह्या ठेवणं बंधनकारक आहे त्यांनी त्या संबंधित कर निर्धारण वर्ष संपल्यापासून सहा वर्षं जपायच्या असतात.

पोर्टलवर आपली वार्षिक माहिती, म्हणजे एआयएस, रिटर्नआधी उघडून बघा. कंपनीने कापलेला टीडीएस तिथे दिसतो आणि तो परत मागता येतो. दहापर्यंत मालवाहू गाड्या असलेल्यांनी भाडं देणाऱ्या कंपनीला पॅनसह तसं लेखी दिलं तर टीडीएस कापलाच जात नाही.

नोटीस आली, तर घाबरू नका

विभागाच्या प्रत्येक पत्रावर ओळख क्रमांक असतो. पोर्टलवर तो टाकून पत्र खरं आहे का हे कोणालाही तपासता येतं. क्रमांक नसेल, किंवा फोनवरून कोणी पैसे मागत असेल, तर ती फसवणूक समजा. रिटर्नमध्ये त्रुटी आहे अशी नोटीस आली तर दुरुस्तीला १५ दिवस मिळतात. तुमच्या आकड्यांत बदल सुचवला असेल तर उत्तराला ३० दिवस. कारण न सांगता आणि तुमचं ऐकून न घेता खर्च नाकारता येत नाही. तरीही आदेश चुकीचा वाटला तर ३० दिवसांत आयुक्तांकडे अपील करता येतं, त्याची फी उत्पन्नानुसार २५० ते १,००० रुपये आहे. साधी बेरजेची चूक असेल तर अपील न करता दुरुस्तीचा अर्ज पुरतो. खर्च चुकून जास्त दाखवला गेला असेल तर अद्ययावत रिटर्न भरून, जादा कर देऊन स्वतःच सुधारा. खोट्या बिलांचा खर्च पकडला गेला तर वाचवलेल्या कराच्या दुप्पट दंड लागू शकतो.

रिटर्न कोणीही भरून दिलं तरी जबाबदारी तुमचीच राहते. म्हणून पासवर्ड स्वतःकडे ठेवा, मोबाईल आणि ईमेल स्वतःचाच द्या, आणि परताव्याच्या टक्केवारीवर फी मागणाऱ्याकडे जाऊ नका. भरलेल्या रिटर्नची प्रत मागून घ्या आणि उलाढाल, खर्च, नफा हे तीन आकडे स्वतः वाचा. ते बरोबर असतील तरच ओटीपी सांगा. रिटर्न भरल्यापासून ३० दिवसांच्या आत पडताळणी झाली नाही, तर भरल्याची मूळ तारीख धरली जात नाही.